लग्नाशिवायचा संसार मोडतो तेव्हा फ्लॅट कुणाचा? : पार्श्वभूमी

लिव्ह-इनमधल्या जोडप्याचे फाटले की वाद बहुधा फ्लॅटवर येऊन अडतो. करारनामा एकाच्या नावावर, कर्जाचे हप्तेही त्याच्याच खात्यातून. किराणा, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र दुसऱ्याच्या पगारातून. नवरा-बायको मालमत्तेसाठी कौटुंबिक न्यायालयात जातात. या दोघांना मालकी ठरवून घ्यायची तर दिवाणी दावाच लावावा लागतो.

जुन्या हिंदू कायद्यात ‘अवरुद्ध स्त्री’, म्हणजे लग्न न करता पुरुषाने कायम सांभाळलेली स्त्री, होती. मुंबईहून लंडनला गेलेल्या एका अपिलात 1926 साली ठरले की तिने पुरुषाच्या कुटुंबाच्या घरातच राहायला हवे असे नाही. नाते त्याच्या मृत्यूपर्यंत अखंड टिकले असेल तर त्याच्या मालमत्तेतून तिला निर्वाह मिळेल. जिवंतपणी त्याने सोडले तर मात्र काही नाही. 1956 च्या निर्वाह कायद्यातल्या आश्रितांच्या यादीत तिला जागाच उरली नाही. पुढे दीर्घ सहवासावरून लग्न झाले असावे असे गृहीत धरण्याचा आधार राहिला. 1978 च्या एका निकालात जोडपे सुमारे 50 वर्षे एकत्र राहिलेले होते. पण ‘आम्ही लग्न केलेले नाही’ असे उघड सांगणाऱ्यांना हे गृहीतक काय कामाचे?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ हे शब्द आले आणि खरा गुंता तिथून सुरू झाला. कायद्याने त्यांची व्याख्या केली नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन खंडपीठांनी, दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या दिशा धरल्या. पहिल्याने ‘पत्नी’ शब्दाचा अर्थ पोटगीसाठी व्यापक घ्यावा असे म्हणून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची विनंती केली. दुसऱ्याने अटी घातल्या: दोघे लग्नाच्या वयाचे हवेत, एरवी लग्नास पात्र, म्हणजे अविवाहितही हवेत, समाजात जोडीदार म्हणून वावरलेले आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले हवेत. ज्या बाईचा खर्च पुरुष उचलतो आणि तिला मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा मोलकरीण म्हणून वापरतो, तिच्यासाठी या निकालात इंग्रजीतला ‘रखेल’ या अर्थाचा शब्द आला आणि तिला संरक्षणाबाहेर ठेवले गेले. एका वरिष्ठ महिला विधी अधिकाऱ्याने भर न्यायालयात त्या शब्दाला हरकत घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पुरुषाने आपले लग्न लपवले तर त्याची किंमत बाईने का मोजावी, हा प्रश्न त्या अटींत बसतच नाही. याच न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने असे नाते गुन्हा नाही, पापही नाही, असे म्हटले आणि संसदेने कायदा करावा असे सुचवले. तरी पुरुष विवाहित आहे हे माहीत असलेल्या, त्या खटल्यातल्या अर्जदार बाईच्या हाती काही आले नाही.

या सगळ्या वादात मालमत्ता बाजूलाच राहिली. 2005 च्या कायद्याने बाईला छप्पर आणि पैसे मागता येतात. घरावर मालकी मिळत नाही. पुरुषाला तर तो अर्जच करता येत नाही.

मालकीची वाट 1988 च्या बेनामी कायद्याने अरुंद केली. त्याआधी विश्वस्त कायद्यातले एक कलम, पैसे ज्याने दिले त्याच्या बाजूने बोलत असे. ते रद्द झाले. पैसे मी भरले, नाव तिचे लागले, हा दावाच अडतो. 2016 च्या दुरुस्तीत पती-पत्नी आणि मुलांच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून केलेली खरेदी बेनामीतून वगळली. लग्न न केलेल्या जोडीदाराचा उल्लेखही त्या अपवादात नाही.

दोघांची नावे करारनाम्यावर असली तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 45 वे कलम कामाला येते: ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, पुरावा नसेल तर समान. इथे पासबुक बोलते. आठ वर्षे घर चालवणाऱ्या पगाराचा हिशेब मात्र खरेदीच्या किमतीत धरला जात नाही, आणि हे मला या कलमाच्या वापरातले सर्वात अन्यायकारक वाटते.

सामंजस्याने सुटायचे म्हटले तरी भुर्दंड आहेच. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. लग्न न केलेल्या जोडीदाराला द्यायचे तर खरेदीखताइतके. शिवाय आयकर कायद्याच्या लेखी तो ‘नातेवाईक’ नसल्याने 50,000 रुपयांवरच्या भेटीवर घेणाऱ्याला कर भरावा लागतो.

2008 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘पत्नी’च्या व्याख्येत लिव्ह-इनमधल्या स्त्रीला घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता, त्याचा कायदा झाला नाही, आणि प्रस्ताव होता तोही पोटगीपुरताच. उत्तराखंडात समान नागरी कायद्याने 27 जानेवारी 2025 पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची झाली आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येऊ लागली. एकत्र घेतलेल्या घराच्या वाटणीचे कलम त्या कायद्यातही नाही.