निद्राश्वासरोध व वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार मिटणे किंवा अरुंद होणे या विकारास अवरोधी निद्राश्वासरोध (स्लीप अ‍ॅप्निया) म्हणतात. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा पुरेसा उथळ झाला, तर तो एक प्रसंग धरतात. तासाला 5 ते 15 प्रसंग असल्यास विकार सौम्य, 30 पर्यंत मध्यम व त्यापुढे तीव्र समजला जातो. फ्रान्समधील मार्सेय येथील गास्तो व सहकारी आणि जर्मनीतील युंग व कूलो यांनी 1965 च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, असे सामान्यतः मानतात.

वृद्धांत हा विकार अनेकदा निदानाविना राहतो. त्यांच्यात तो लठ्ठपणा नसतानाही आढळतो. दिवसाची पेंग, विसराळूपणा व चिडचिड वयावर ढकलली जाते. रात्री लघवीला उठणे प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होते. जोडीदार हयात नसेल, तर घोरता घोरता श्वास थांबल्याचे सांगणारेही कोणी उरत नाही. झोपेच्या काही गोळ्या श्वासरोध वाढवू शकतात.

स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध दिसतो. कार्यकारणभाव मात्र वादग्रस्त आहे. क्रिस्टीन याफे व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन अभ्यासात 298 वृद्ध स्त्रिया होत्या. सुमारे पाच वर्षांत मध्यम वा तीव्र श्वासविकार असलेल्यांपैकी 44.8 टक्के, तर इतरांपैकी 31.1 टक्के स्त्रियांत सौम्य बोधनदोष (स्मृती व विचारशक्तीतील किंचित घट) किंवा स्मृतिभ्रंश आढळला. हा धोका झोपमोडीशी नव्हे, तर रक्तातील ऑक्सिजन घटण्याशी निगडित दिसला. त्यामुळे ऑक्सिजनन्यूनतेचे स्पष्टीकरण तूर्त अधिक ग्राह्य वाटते. दुसरे मत असे, की झोपमोडीमुळे मेंदूतील अपशिष्टांचा (टाकाऊ पदार्थांचा) निचरा अडतो. झोपेत हा निचरा वाढतो, असे मेंदूसंशोधक मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. 2024 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील गटाने, उंदरांतच, नेमके उलट निष्कर्ष काढले. शिवाय मेंदूचा ऱ्हासच झोपेतील श्वसन बिघडवत असेल, ही शक्यताही उरते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाच्या 2024 च्या अहवालातील 14 टाळण्याजोग्या जोखीमघटकांत निद्राविकार नाहीत.

उपचारात सतत दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र मुख्य आहे. कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी सिडनी येथे विकसित केलेली ही पद्धत 1981 मध्ये प्रसिद्ध झाली. अल्झायमरच्या 52 रुग्णांवरील 2008 च्या चाचणीत तीन आठवड्यांच्या उपचारानंतर बोधनक्षमता काहीशी सुधारली. परंतु तोतया (उपचारापुरता दाब न देणारे) यंत्र वापरणाऱ्या गटाशी थेट तुलना करता फरक लक्षणीय ठरला नाही. सीपॅपने स्मृतिभ्रंश टळतो, असे म्हणण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. तरीही विस्मरणाची तक्रार असलेल्या वृद्धाच्या तपासणीत घोरणे व दिवसाची पेंग यांची चौकशी करणे योग्य होय, कारण पेंग व मंदावलेले लक्ष यांचा काही भाग उपचाराने ओसरू शकतो.

मुंबईत झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांच्या 2004 च्या पाहणीत 35 ते 65 वयाच्या पुरुषांपैकी 19.5 टक्क्यांत झोपेतील श्वासविकार व 7.5 टक्क्यांत लक्षणांसह श्वासरोध आढळला. स्त्रिया व पासष्टीपुढचे वृद्ध या पाहणीत नव्हते.