टेपरेकॉर्डरच्या हेडवरची माती

टेपरेकॉर्डरचा आवाज दबला की आमच्या घरी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड, म्हणजे कॅसेटची फीत ज्याला घासून जाते तो भाग, पुसायचे. बोळा तांबूस-तपकिरी निघायचा. गोव्यातल्या खाणपट्ट्यात डिचोलीच्या रस्त्याकडेला काजूच्या पानांवर बसलेली धूळ बोटाने पुसली तर बोटही जवळपास त्याच रंगाचं. फितीवरचा तो थर म्हणजे गॅमा आयर्न ऑक्साइड आणि पानांवरची ती धूळ म्हणजे ट्रकांतून सांडलेलं हेमटाइट हे लोहखनिज. रासायनिक सूत्र एकच, फक्त आतल्या अणूंची मांडणी वेगळी. एक चुंबकत्व धरून नाट्यपदं सांभाळतं, दुसऱ्याला ते जमत नाही. मटेरियल्स सायन्सचा, म्हणजे वस्तू ज्या पदार्थांच्या बनतात त्यांच्या शास्त्राचा, एकच प्राध्यापक बॅटरीचं साहित्यही शोधतो आणि कारखानदारीच्या नव्या तंत्रांवरही काम करतो, हे कसं काय, असं कुणी विचारलं की मी या बोळ्यापासून सुरुवात करतो.

गोव्याने मांडणीच्या भानगडीत न पडता दगड विकला. पोर्तुगीज काळातच खाणींची कन्सेशनं, म्हणजे खाणकामाचे परवाने, दिली गेली, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली आणि मांडवी-जुवारी नद्यांतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या. पुढे चीनने माल उचलला. २०१०-११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. २०१२ ची खाणबंदी, २०१४ ची वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली खाणींची ८८ लीझं, हे सगळं गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमोण्याचा पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) कारखाना (१९९२) सोडला, तर या मातीचं इथेच काही करावं असं फारसं कुणाला वाटलं नाही.

ताळगावच्या पठारावर मात्र वाटलं होतं. १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा आयर्न ऑक्साइड आणि फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडपासूनचे चुंबकीय पदार्थ) बनवण्याची हायड्रॅझिनची पद्धत बरीच वर्षं घोटली गेली. लोखंडाच्या सेंद्रिय क्षारात हायड्रॅझिन हे ज्वलनशील रसायन गुंफलं की ती पावडर एकदा पेटली म्हणजे स्वतःच जळत जाते आणि मागे अगदी बारीक ऑक्साइड उरतो. वेगळी जबर भट्टी लागत नाही. फेराइटचा शोध टोकियोतला, १९३० चा. काम जुन्याच पदार्थावर होतं, नवी होती ती बनवण्याची रीत. या कामाचा बाहेर कधी फारसा गाजावाजा झाला नाही.

ऊर्जेच्या बाजूची गोष्ट अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला घडली. बॅटरीच्या साहित्यावर काम करणारे शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ १९८६ मध्ये तिथे गेले, सोबत तमिळनाडूचे अरुमुगम मंथिराम. त्याआधी १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफ यांनी कोबाल्टचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) शोधला होता, आणि तोच पुढे १९९१ मध्ये सोनीच्या बॅटरीत आला. पण कोबाल्ट महाग, लोखंड स्वस्त. अडचण अशी की लोखंडाच्या ऑक्साइडकडून अडीच व्होल्टही धड मिळत नाहीत. या दोघांनी ऑक्साइडऐवजी सल्फेट घेऊन पाहिलं आणि व्होल्टेज ३.६ वर गेलं. लोखंड तेच, शेजार बदलला. त्याच धाग्यावर १९९७ मध्ये अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे आजचं एलएफपी, जगापुढे ठेवलं. २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. स्टॉकहोममध्ये त्यांचं व्याख्यान मंथिराम यांनी दिलं.

इथवरची कथा सगळे सांगतात. मला रस आहे तो पुढच्या भागात. १९९७ च्या त्या शोधनिबंधात हा पदार्थ कमी शक्तीच्या बॅटरीसाठी उत्तम, एवढंच म्हटलं होतं, कारण त्यातून वीज जेमतेम वाहत होती. गाडी चालवण्याजोगा तो झाला तो बनवण्याच्या रीतीमुळे: कण नॅनोमीटरमध्ये मोजावे इतके बारीक करायचे आणि प्रत्येकावर कार्बनचा पातळ लेप द्यायचा. लेपासाठी प्रयोगशाळेत चक्क साखर वापरतात. कच्च्या मिश्रणात साखर घालून आर्गॉन वायूत ७०० अंशांच्या आसपास तापवायचं. पाक करपावा तशी ती करपते आणि कणांना चिकटून बसते.

योगायोग असा की लेझरने पावडर थरावर थर वितळवून वस्तू घडवण्याचं तंत्रही ऑस्टिनलाच, गुडइनफ ज्यात होते त्याच मेकॅनिकल इंजिनिअरिंग विभागात, १९८० च्या दशकात जन्मलं. कार्ल डेकार्ड हा विद्यार्थी, जो बीमन त्याचे प्राध्यापक. दोन्ही धागे २०१३ मध्ये दुसरीकडे जुळले. हार्वर्ड आणि इलिनॉयच्या संशोधकांनी एलएफपीची शाई करून वाळूच्या कणाएवढी बॅटरी थ्रीडी प्रिंटरवर छापली.

आता गोव्यात गोवा विद्यापीठ आहे, बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे, एनआयटी आणि आयआयटीही आहेत. त्यामुळे खाणींच्या डंपमधून, म्हणजे टाकून दिलेल्या मातीच्या ढिगांतून, बॅटऱ्या काढू, अशी भाषा अधूनमधून कानावर येते. तिथे साधा हिशेब करावा. किलोभर एलएफपीत लोखंड ३५४ ग्रॅम आणि लिथियम ४४ ग्रॅम. ३० किलोवॅट-अवर बॅटरीच्या गाडीला साधारण ६० किलो एलएफपी, म्हणजे लोखंड साधारण २१ किलो. २०१०-११ च्या एका वर्षात बंदरातून गेलेल्या लोखंडात शंभर कोटींहून जास्त गाड्यांच्या बॅटऱ्या झाल्या असत्या. तेव्हा माती कमी पडणार नाही, आणि तिच्यामुळे भावही मिळणार नाही. भाव आहे तो शुद्धतेला, कणाच्या आकाराला, भट्टीतल्या हवेला.

भट्टीतल्या हवेचं एक उदाहरण पाहिलं आहे. ओळखीतला एक मुलगा पीएचडी करतो. ऐन पावसात त्याने रात्रभर भट्टी लावली. आर्गॉनचा सिलिंडर पहाटे कधीतरी संपला, आणि दुसरा भरून आला नव्हता, कारण त्याची फाइल महिनाभर सहीसाठी पडून होती. सकाळी त्याने भट्टीतली चिनीमातीची होडी, म्हणजे पावडर ठेवायची लांबट वाटी, बाहेर काढली. पावडर काळीभोर निघायला हवी होती. त्याने मला फोटो पाठवला, खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "दादा, डिचोली."