थेट रोख मदत : सियायातील अनुभव

गरीब कुटुंबाला शेळ्या, बियाणे किंवा प्रशिक्षण न देता सरळ पैसे द्यायचे आणि ते कशावर खर्च करायचे हे त्याच्यावरच सोपवायचे, अशी ही पद्धत. खाण्यापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे तिने काय होते, हे फार बारकाईने तपासले गेले ते पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियाया काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग).

इथली बहुतेक कुटुंबे लुओ जमातीची. मका आणि घेवडा लावायचा, सुगी घरात आली की बरे दिवस, आणि कणगी रिकामी झाली की दुसऱ्याच्या शेतात मजुरी. इथे रोख मदत देणाऱ्या गिव्हडायरेक्टली या संस्थेने सुरुवातीला गरिबीची खूण म्हणून घराचे छप्पर धरले : गवताने शाकारलेले असेल तर मदत. पैसे येतात एम-पेसा या २००७ साली सुरू झालेल्या मोबाइल सेवेवरून. गावातल्या एजंटाकडून नोटा घ्यायच्या. (स्वाहिलीतला हा ‘पेसा’ म्हणजे समुद्र ओलांडून गेलेला आपला पैसाच.)

पैसे हाती आल्यावर अनेकांनी आधी छप्पर बदलले. शहरी माणसाला ही हौस वाटेल. पण ज्याच्या घरी दरवर्षी शाकारणी करावी लागते त्याला हिशोब लगेच कळतो. पत्रा एकदा टाकला की गवताचा खर्च थांबतो, रात्री पाऊस लागला तर अंथरूण उचलून कोपरा शोधावा लागत नाही. पत्र्यांची रक्कम मात्र मक्याच्या पैशातून कधी साठत नाही.

योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या संशोधकांनी २०११ ते २०१३ दरम्यान सियायातल्याच रारिएडा भागात केलेल्या अभ्यासात हेच दिसले. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या, तर दरमहा मिळालेल्यांच्या घरी पोटभर जेवणाची शाश्वती अधिक वाढली. गुरे वाढली, मनावरचा ताण हलका झाला; दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही.

पुढच्या, मोठ्या प्रयोगात ६५३ गावांतल्या साडेदहा हजारांवर कुटुंबांना सुमारे १,००० डॉलर देण्यात आले. पैसा दुकानदार, गवंडी, मजूर असा फिरत राहिला आणि मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही खर्च वाढला. महागाईची भीती होती, पण किमती जेमतेम ०.१ टक्क्याने चढल्या. या गावांतले अर्भकमृत्यूही जवळपास निम्म्याने घटल्याचे नंतरच्या विश्लेषणात आढळले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायकांना शेतात कमी राबावे लागले, हे त्यामागचे एक कारण. मात्र दवाखाना जवळ असेल तिथेच हा फायदा ठळक होता; नुसत्या पैशाने डॉक्टर येत नाही.

सगळ्यांनी हात पुढे केला असेही नाही. शेजारच्या होमा बे काउंटीत जवळपास निम्म्या कुटुंबांनी पैसे नाकारले. फुकट पैसा सैतानाचा, अशी कुजबुज पसरली होती. काम न करता कोणी पैसे देते यावर विश्वास न बसणे तसे स्वाभाविकच.

भारतात पीएम-किसान योजनेतून वर्षाला ६,००० रुपये मिळतात, महाराष्ट्रात ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी ६,०००, दोन्ही २,०००च्या हप्त्यांनी. त्यात खताची एखाद-दुसरी गोणी भागते, छप्पर नाही. शिवाय पैसे मिळतात ते जमिनीच्या नोंदीवरून. बटाईने किंवा खंडाने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून नसते, आणि हप्ता मालकाच्याच खात्यात जमा होतो.