मणक्याच्या दुखापतीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडतो

मज्जारज्जूला इजा होऊन पाय किंवा हातपाय लुळे पडले की व्हीलचेअर असो वा पेन्शन, सगळीकडे आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) मागतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दोन्ही पाय लुळे पडलेल्या पेशंटला ती अट अवघड नसते, तरीही अर्ज रखडतात. अडतात ते कागदांवर आणि तारखांवर.

अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, ओळखीचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही लागते. हात चालत नसतील तर अंगठ्याचा ठसा द्या, घरच्यांनी पेशंटची सही ठोकू नये.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. काही जण डिस्चार्जनंतर लगेच पेशंटला स्ट्रेचरवर घालून सिव्हिलला नेतात आणि टक्केवारी ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड ‘नंतर या’ म्हणतं. तपासणी साधारणपणे इजेनंतर सहा महिन्यांनी करतात, नेमकी वेळ डॉक्टर ठरवतात. काही घरांत उलटं असतं : “तो चालणारच आहे, अपंगाचा शिक्का कशाला?” त्यात वर्षं जातात. प्रमाणपत्र घेतल्याने फिजिओथेरपी थांबत नाही आणि सुधारणाही अडत नाही. सुधारणेची शक्यता दिसली तर बोर्ड मुदतीचं प्रमाणपत्र देतं. त्यावरची शेवटची तारीख मात्र घरातल्या एकाने तरी लक्षात ठेवावी. ती उलटली की चालू सवलतीही अडतात.

इजा रस्ते अपघातात झाली असेल तर हे नीट वाचा. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. प्रमाणपत्रही साधारण सहा महिन्यांनीच मिळणार. म्हणून ‘आधी सर्टिफिकेट, मग केस’ असं करू नका. वकिलाकडे लगेच जा, दावा दाखल करा, प्रमाणपत्र मागून जोडता येतं.

आता कागद. डिस्चार्ज कार्ड बहुधा ऑपरेशनबद्दल बोलतं : स्क्रू कुठे टाकले, टाके कधी काढायचे, शेवटी ‘फिजिओ चालू ठेवा’. बोर्डाला हवं ते वेगळंच असतं. इजा कोणत्या पातळीवर (सी-६ म्हणजे मानेत, डी-१० पाठीत, एल-१ कमरेत), पूर्ण की अपूर्ण, स्नायूंत ताकद किती, संवेदना कुठवर, लघवी-शौचावर ताबा आहे का. हे सगळं सध्याच्या स्थितीनुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तारीख-सहीनिशी लिहून घ्या. एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, रिपोर्टही न्या.

लघवीचं लोक लाजेने सांगतच नाहीत. कॅथेटरची पिशवी चादरीखाली सरकवलेली असते आणि डॉक्टरांनी विचारलं की नातेवाईक “तसं ठीक आहे” म्हणून मोकळे होतात. मूल्यमापनात मूत्राशयावरचा ताबा धरला जातो. लपवलंत तर टक्केवारीत नुकसान तुमचंच.

पत्त्याचाही मोठा जाच. आधार एका जिल्ह्याचं, राहणं दुसऱ्या, मग दोन्हीकडून टोलवाटोलवी. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांत दोन वाटा आहेत : रहिवासाच्या जिल्ह्यातलं वैद्यकीय प्राधिकरण, किंवा दिव्यांगत्वावर जिथे उपचार झाले ते सरकारी रुग्णालय. दुसरी वाट खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हीच विचारा.

तपासणीच्या दिवशी तासन्‌तास ताटकळावं लागतं. ज्याला पाठीखालचं काही जाणवत नाही, त्याला कडक बाकावर बसवून ठेवणं म्हणजे बेडसोरला (दाबामुळे होणाऱ्या जखमेला) आमंत्रण. उशी न्या, बसल्या जागी मधून मधून वजन हलवा, आडवं असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडावर लाली दिसली तर त्यावर पुन्हा भार देऊ नका. कॅथेटरचं सामान आणि पाणी जवळ असू द्या. पाणी पिणं टाळू नका.

या नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्जावरच्या निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. पूर्वी एक महिना होती, वाढवून कुणाची सोय झाली ते दिसतंच आहे. दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज बाद होऊन नव्याने करावा लागतो, म्हणून पोर्टलवर स्थिती पाहत राहा. नकार आला तर कारण लेखी मिळायला हवं. अपिलाचे ९० दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, कागद हातात पडल्यापासून नव्हे.