जपायला घातलेले पाते: अक्कलदाढ आणि जिभेचा मज्जातंतू

खालची अक्कलदाढ काढून आठवडा होतो, सूज उतरते, टाके निघतात, पण जिभेची एक बाजू बधिरच राहते. ती दाताखाली येते आणि तोंडात रक्ताची चव लागल्यावरच चावल्याचे कळते. काहींना बधिरपणापेक्षा मुंग्या किंवा जळजळ जास्त छळते. या त्रासामागे बहुतेक वेळा लिंग्वल नर्व्ह असते, म्हणजे जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू. कानाच्या बाजूने येणारी कॉर्डा टिम्पनी ही चवीची नस वाटेत त्याला मिळते आणि चवीचे तंतूही त्याच दोरीतून जातात. म्हणून इजा झाली की स्पर्श आणि चव दोन्ही जातात.

या मज्जातंतूची जागा ठरलेली नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, हाडाच्या अगदी जवळ, तो हिरडीखालच्या मऊ भागात असतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदन अभ्यासात १७.६ टक्के ठिकाणी तो हाडाच्या कडेच्या पातळीला किंवा तिच्याही वर आढळला, तर ६२ टक्के ठिकाणी हाडाच्या आतल्या पत्र्याला चिकटलेला. पुढच्या अभ्यासांत हे आकडे कमी आले, तरी दहापैकी एखाद्या माणसात तो कडेच्या वर असतो असे धरूनच चाकू चालवावा लागतो. साध्या एक्स-रेत तो दिसत नाही.

आता ब्रिटनमधल्या जुन्या पद्धतीकडे पाहू. केल्सी फ्राय यांनी रूढ केलेली आणि टी. जी. वॉर्ड यांनी १९५६ मध्ये लिहून मांडलेली ‘लिंग्वल स्प्लिट’ पद्धत तिथे अनेक वर्षे चालली. पूर्ण भूल दिलेल्या तरुण रुग्णात छिन्नी-हातोडीने जिभेकडचा हाडाचा पत्रा फोडायचा आणि दाढ त्या बाजूला वळवून काढायची. काम झटपट होई, जखमेत पोकळीही कमी राही. मात्र छिन्नी ज्या दिशेने जाई, मज्जातंतू त्याच बाजूला. म्हणून मज्जातंतू जपायला हिरडी आतून सोडवून हाड आणि त्याच्या आवरणामध्ये हॉवर्थचे पाते सरकवत. हे हत्यार मुळात नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी बनलेले, दाढेसाठी नव्हे. पुढे छिन्नीची जागा बरने, म्हणजे हाड कोरणाऱ्या फिरत्या टोकाने, घेतली, तरी पाते घालण्याची सवय राहिली.

अमेरिकेत बहुतेक सर्जन गालाच्या बाजूनेच हाड कोरत आणि आतली हिरडी उचलतच नसत. १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांत तात्पुरत्या बधिरपणाचे प्रमाण सुमारे ११ टक्के आणि कायमच्या इजेचे अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले, तेव्हा बोट पात्याकडेच वळले. अरुंद पाते मज्जातंतूला ताणते, आवरण फाटले तर थेट त्याच्यावरच दाबले जाते. २००१ च्या एका एकत्रित आढाव्यानुसार आतून पाते घातल्यास तात्पुरत्या इजेची शक्यता सुमारे ८.८ पट होती. कायमच्या इजेत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. पात्याचे समर्थक याच वाक्यावर अजून तग धरून आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही: बर आतून बाहेर निसटला तर मध्ये काहीतरी हवेच.

आज सावधगिरी छेदापासून सुरू होते. अक्कलदाढेच्या मागे जबडा बाहेर वळतो. छेद सरळ मागे नेला तर तो हाडावरून आत घसरतो, म्हणून तो गालाकडे तिरका न्यायचा. दाढ कापताना बर आरपार न्यायचा नाही, आतली भिंत थोडी राखून उरलेला भाग एलेव्हेटरच्या, म्हणजे दाढ उचकटण्याच्या हत्याराच्या, पिळाने मोडायचा. दाढेभोवतीची पिशवी आतल्या बाजूने खरवडू नये. आणि टाक्याची सुई आतल्या हिरडीत उथळच ठेवावी. सगळे नीट झाल्यावर शेवटच्या टाक्यात मज्जातंतू अडकवणे हा प्रकार फार जुना आहे.

इजेची प्रतवारी १९४३ मध्ये सेडन यांनी तीन पायऱ्यांत केली, १९५१ मध्ये संडरलँड यांनी पाच. ताणामुळे नुसता वहनाचा खोळंबा झाला असेल तर काही आठवड्यांत जीभ जागी होते. तंतू पूर्ण तुटला असेल तर इथे आणखी एक दुर्दैव आड येते. खालच्या जबड्याचा मज्जातंतू हाडाच्या नळीत असतो, तुटलेल्या टोकांना वाट मिळते. लिंग्वल मऊ भागात असल्याने टोके आखडून दूर जातात आणि मध्ये गाठ बनते. म्हणून दर महिन्याला कापसाचा स्पर्श, टाचणीची टोच आणि जिभेवर टेकवलेली दोन टोके किती अंतरावर वेगळी जाणवतात हे तपासून नकाशा काढतात. साधारण तीन महिन्यांत काहीच परत आले नाही तर उघडून पाहण्याचा विचार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कापून, ताण न देता बारीक टाक्यांनी टोके जोडतात. २०१० मध्ये आलेल्या २२२ दुरुस्त्यांच्या आढाव्यात ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपयोगी संवेदना परत मिळाली, पण नऊ महिन्यांनंतर यश घसरत गेले. चव स्पर्शाइतकी परतत नाही.

भुलीच्या इंजेक्शनाने झालेली इजा वेगळीच. अमेरिकी सर्जन हॅल्स्टेड आणि हॉल यांनी १८८४ मध्ये कोकेनने जबड्याचा मज्जातंतू बधिर केला, तेव्हापासून सुई याच परिसरात जाते. तोंड मोठे उघडले की लिंग्वल ताणला जातो आणि सुईपासून बाजूला सरकू शकत नाही. तिथे काहींत तो तंतूंच्या एकाच जुडग्याचा असतो, त्यामुळे इजा झाली तर वाचलेला भाग उरतच नाही. कॅनडाच्या ओंटारिओत १९७३ ते १९९३ या काळातल्या नोंदींत अशी १४३ प्रकरणे सापडली, १९९३ मध्ये सुमारे ७,८५,००० इंजेक्शनांमागे एक. त्यात चार टक्के तीव्रतेची आर्टिकेन आणि प्रिलोकेन ही भुलीची औषधे अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आली. त्यामुळे सुईची जखम की औषधाचा विषारी परिणाम, हा वाद पेटला आणि तो अजून मिटलेला नाही. या रुग्णांत शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. उघडले तरी मज्जातंतू अखंड दिसतो, शिवायला तुटलेले टोकच नसते.