रोल प्ले वेगळा, हॉट सीट वेगळी: शायलॉकला बाकावर बसवण्याआधी

इंग्रजीच्या पाठनियोजनात लिहायचं ‘हॉट सीट’ आणि वर्गात करून घ्यायचा रोल प्ले, हा घोळ आता थांबायला हवा.

रोल प्ले सगळ्यांना माहीत आहे. प्रसंग द्यायचा, भूमिका वाटायच्या, मुलं बोलतात. प्रसंग बदलला तरी चालतं. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातला सावकार शायलॉक आणि व्यापारी अँटोनिओ यांचा उसनवारीचा व्यवहार गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, आणून ठेवला, तर पैसे मागणं, मुदत ठरवणं, घासाघीस करणं याचं इंग्रजी पोरं आपसूक वापरतात. मात्र पुस्तक हातात धरून संवाद वाचणं म्हणजे रोल प्ले नव्हे. ते प्रकट वाचन आहे, तसंच लिहावं.

हॉट सीटमध्ये एक मूल पात्र होऊन समोर बाकावर बसतं आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो, इतपत सगळे सांगतात. दाढी-टोपीवर वेळ घालवू नये. खरी मेख वेगळीच आहे: नाटक कुठल्या ओळीवर थांबवलंय? तिथवर पात्राला जे ठाऊक आहे, तेवढ्यावरच त्यानं उत्तर द्यायचं.

याच नाटकातला अंक १, प्रवेश ३ घ्या. शायलॉकच्या कराराच्या अटी: ३००० डकॅट (सोन्याची नाणी), तीन महिने, चुकल्यास अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस. कुणीतरी विचारतं, “व्हाय फ्लेश, व्हाय नॉट मनी?” शायलॉक झालेला मुलगा फटकन म्हणतो, “बिकॉज माय डॉटर रॅन अवे.” सगळ्यांना गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे वर्गही माना डोलावतो. पण शायलॉकची मुलगी जेसिका पळते अंक २, प्रवेश ६ मध्ये! हे उत्तर बाद केलं की मुलाला पानात शिरावंच लागतं. अँटोनिओ शायलॉकवर थुंकलाय, त्याला कुत्रा म्हणालाय, बिनव्याजी पैसे देऊन व्याजाचा दर पाडतोय. वर शायलॉक हा करार गंमत म्हणून पुढे करतो, आणि त्याच प्रवेशात इतरांना ऐकू न जाता जुनं वैर फेडायची भाषाही करतो. मग गंमत खरी की डाव? ओळी दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे वाद रंगतो.

तोच प्रश्न अंक ३, प्रवेश १ ला पुन्हा विचारा. आता मुलगी गेलेली आहे आणि तो उघडपणे सूडाचं बोलतो. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. गाइडमधलं ‘ग्रीडी, क्रुएल, रिव्हेंजफुल’ हे पाठांतर तिथंच गळून पडतं. म्हणूनच अख्खी गोष्ट आधी मराठीत सांगून टाकू नये.

३५ मिनिटांच्या तासात ८ मिनिटं प्रश्नांना, १५ बाकाला, उरलेली फळ्याला. पाच-पाचांचे गट करा. गटात चर्चा खुशाल कोल्हापुरी मराठीत होऊ दे, प्रश्न मात्र इंग्रजीत. “व्हाय डिड यू…”, “व्हॉट डू यू वॉन्ट फ्रॉम…”, “डू यू ट्रस्ट… अँड व्हाय?” अशा सुरुवाती फळ्यावर लिहून ठेवा. नुसत्या यस-नोवर भागणारा प्रश्न घेऊ नका.

बाकावर एकटा हुशार मुलगा बसवला की ६० जणांच्या वर्गात बाकीचे ५९ प्रेक्षक होतात. तिघे बसवा: एक बोलेल, दोघे ओळी शोधतील, आणि दर तीन प्रश्नांनी जागा बदलतील. प्रत्येक उत्तरानंतर वर्गानं विचारायचं, “व्हिच लाइन?” मध्येच इंग्रजी काळाच्या (टेन्सच्या) चुका दुरुस्त करू नका, बोलणारा गप्प होतो. चुका वहीत टिपा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या.