दगडखाणीतील कामगार स्त्रिया (मुंबई)

मुंबई व नवी मुंबईतील उघड्या दगडखाणींत दगड फोडणाऱ्या, खडी करणाऱ्या आणि ती वाहणाऱ्या स्त्रिया. त्यांत वडार समाजातील स्त्रिया बऱ्याच. दगड-माती हे या समाजाचे पिढीजात काम.

राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा दगड लागला, गेटवे ऑफ इंडियाला खरोडीचा. पुढे काँक्रीटचे युग आले आणि घडीव दगडाऐवजी खडीची मागणी वाढली. कांदिवली, मालाड, भांडुप, चांदिवली, तुर्भे इथले डोंगर त्यासाठी फुटले.

सुरुंगाने निघालेला दगड पुरुष घणाने फोडतात. त्याची खडी करणे बाईकडे. दगड उडू नये म्हणून त्याभोवती टायरच्या रबराची कडी धरायची, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि उकिडवे बसून हातोडी चालवायची. कपची डोळ्यात जाणे, बोट चेचणे, धुळीचा खोकला हे रोजचेच. भरलेले घमेले डोक्यावरच्या चुंबळीवर जाते. तान्हे मूल जवळच झोळीत असते. पाणी आणि स्वयंपाक उजाडण्यापूर्वीच उरकावा लागतो.

मजुरी ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर, आणि बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ठरते. उचल नवरा घेतो, मुकादमाच्या वहीत नावही त्याचेच. सगळे अडते ते इथे. 1952 च्या खाण कायद्याने दगडखाणीलाही खाण मानले. 1961 च्या कायद्याने खाणीतील बाईला प्रसूती रजेचा हक्क दिला, 1966 च्या नियमांनी पाळणाघर सक्तीचे केले. पण जिचे हजेरीत नावच नाही, तिने कामावर असल्याचा पुरावा कुठून आणायचा? निम्मे काम करणाऱ्या बाईवरचा हा उघड अन्याय आहे.

क्रशर आले तशी हाताने खडी फोडण्याची कामे घटली. वस्ती वाढली तशा शहरातल्या खाणी बंद पडत गेल्या. मालाड-भांडुपचे क्वारी रोड आणि कांदिवलीचा वडारपाडा ही नावे मात्र टिकली. खाण सुटल्यावर पुरुषाला डंपर किंवा पोकलेनवर काम मिळू शकते. बाईच्या वाट्याला नाक्यावरची बिगारी किंवा धुणीभांडी येते.

महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींत मोडतो. मात्र मुलांसाठी जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या राज्यातील वास्तव्याचा पुरावा मागतात. या खाणीवरून त्या खाणीवर बिऱ्हाड हलवत आलेल्या कुटुंबाकडे तेव्हाचा कागद क्वचितच असतो. दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते.